लढाईबाईंची माघार

लढाईबाईंच्या पुढ्यात ताट आलं की आधी लढाई व्हायची आणि मग जेवण. भाताची मूद म्हणजे टेकडी. वरण म्हणजे नदी. कोशिंबीर म्हणजे घोडदळ आणि लिंबाची फोड म्हणजे सेनापती, कारण ती ताटाच्या कडेला एकटी असते. त्या बोटाने कोशिंबीर टेकडीच्या मागून आणायच्या आणि शेजारी बसलेल्या बाईला विचारायच्या, "आता लिंबाने काय करावं?" ती बिचारी बारशाला आलेली असायची. तिला काय सुचणार? एका मुंजीत वाढणाऱ्याकडून त्यांच्या ताटात मठ्ठा सांडला. बाई म्हणाल्या, "पूर आला. आता दोन्ही बाजूंना थांबावं लागणार." आणि हात आखडून खरंच बसून राहिल्या. लोक हसले. त्यांना त्याचं काही नव्हतं.

त्यांचं नाव वेगळं होतं, पण आमच्या इमारतीत ते फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक. मुलींच्या हायस्कुलात त्यांनी सगळी नोकरी इतिहास शिकवला आणि एनसीसीचं पथक सांभाळलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर मुंबईतली खोली सोडून भाईंदर पश्चिमेला आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. बांधा लहान, आवाज मोठा. खरी लढाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. एकदा कोणीतरी तोंडावर विचारलं, "बाई, बंदूक तरी चालवलीय का?" तर म्हणाल्या, "चालवली आहे. नेम वाईट होता. सेनापतीला नेम लागत नाही, माणसं लागतात."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. म्हणजे महाराजांपर्यंत. आमच्या वेळी चौथीच्या इतिहासात फक्त महाराज असायचे, आणि पाचवीत मी गेलेच नाही, त्यामुळे माझ्यासाठी इतिहास तिथेच संपला होता. रत्नागिरीहून लग्न होऊन आले, नवरा गेला, मुलगा नोकरीला लागून पुण्याला गेला. मी इमारतीच्या तळमजल्यावर पोळी-भाजी केंद्र काढलं. हाताखाली आठ बायका. पोळ्या चांगल्या व्हायच्या, पण रोज भांडण. कणीक कोणी भिजवायची, तव्यावर कोणी उभं राहायचं, फोन कोणी घ्यायचा, सगळ्याला मीच. मी देवळात गेले तर केंद्र बंद पडायचं.

बाईंनी आधी सोसायटीच्या हॉलमध्ये वर्ग सुरू केला होता. बाहेर फळ्यावर लिहिलं, "नेतृत्व वर्ग. सेनापतींच्या लढायांमधून. सर्वांसाठी." पहिल्या रविवारी चौघे आले. दुसऱ्या रविवारी नुसता पंखा फिरला. मग त्या खाली माझ्याकडे पोळ्या न्यायला आल्या, आणि आमचं भांडण ऐकत उभ्या राहिल्या. जाताना म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे फौज आहे. सरदार एकही नाही."

"सरदार नकोत, पोळ्या हव्यात," मी म्हटलं.

"सरदार नसले तर तुम्ही आजारी पडाल त्या दिवशी पोळ्या नाहीत."

ते खरं होतं. मी म्हटलं, या दुपारी.

दुपारच्या पोळ्या गेल्या की त्या यायच्या. ओट्यावर लाटायची पिठी पसरायच्या आणि तिच्यात बोटाने लढाई काढायच्या. खाडी, किल्ला, वाटा. लवंगा म्हणजे पायदळ, वेलदोडे म्हणजे घोडे. मसाला मी नंतर डब्यात परत भरायची आणि पिठी चाळून घ्यायची. वाया कशाला घालवू? पहिली लढाई त्यांनी वसईची शिकवली, कारण ती आमच्या खाडीच्या पलीकडचीच. वसईला बहीण दिलेल्या बायका होत्या आमच्यात, पण तो किल्ला घ्यायला पेशव्यांच्या धाकट्या भावाला किती झुंजावं लागलं हे एकीलाही माहीत नव्हतं. बाई सांगायच्या, "एकदम वसईवर उडी मारली नाही. आधी आजूबाजूची ठाणी घेतली. इकडे उत्तनच्या बाजूचा धारावीचा किल्लासुद्धा. मग वसई." आणि मग आमच्याकडे वळून, "तुम्हाला त्या मोठ्या कारखान्याचं काम हवंय ना? तुमची आजूबाजूची ठाणी कोणती?" आमच्यातली एक म्हणाली, "कारखान्यासमोरचा चहावाला." त्याच्याकडे आम्ही पोळ्या ठेवायला लागलो. वर्षभराने कारखान्याचं काम मिळालं. मी याला चमत्कार म्हणत नाही. पोळ्या चांगल्या होत्या.

त्यांचा एक नियम होता, दर आठवड्याला वेगळी बाई सेनापती. जी सर्वांत दबकी तिलाही सोडायच्या नाहीत. सेनापतीने लाटणं हातात घ्यायचं नाही, फक्त बघायचं आणि सांगायचं. हुकूम एकदाच द्यायचा, आणि रागावून तर द्यायचाच नाही. बायकांना हे जड गेलं. हात बांधून उभं राहायचं म्हणजे कामचुकार वाटतं. आणि आमच्या बायका हुकूम द्यायला गेल्या की विनंती व्हायची, "जरा तवा बघशील का गं, असं मला वाटतं." बाई ओरडायच्या, "वाटतं काय? तवा बघ!" मग सगळ्या हसायच्या आणि पोळी करपायची.

कुंदा आमच्यात सर्वांत तडफदार. माहेर महाडकडचं, नवरा रिक्षा चालवायचा आणि नाक्यावरच्या मंडळात होता. महाराजांच्या जयंतीला हे मंडळ मिरवणूक काढतं, त्यात कुंदा पुढे लेझीम खेळायची. जीभ अशी, की भाजीवाला तिला बघून भाव आधीच उतरवायचा. बाईंची ती लाडकी होती. तिच्या सेनापतीपणाचा आठवडा नेमका संक्रांतीत आला. गुळपोळ्यांचं मोठं काम होतं, हळदीकुंकवाचं. ऐन वेळी सिलेंडर संपला आणि दुसराही रिकामाच निघाला. गॅसवाला फोन उचलेना. कुंदाने पदर खोचला आणि कोणाला काही न सांगता नवऱ्याच्या रिक्षातून सिलेंडर आणायला स्वतः धावली. कुठे कुठे फिरली. इकडे बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या. शेजारच्या घरांमधून चार शेगड्या मागून आणता आल्या असत्या, पण आणा म्हणणारं कोणी नव्हतं. मी त्या दिवशी डॉक्टरकडे होते. कुंदा सिलेंडर घेऊन आली तोवर हळदीकुंकू आटोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पिठी पसरली. कुंदा मान खाली घालून उभी होती. बाई तिला म्हणाल्या, "मान वर कर. आज तुझ्यासाठी सर्वांत मोठ्या शूराची लढाई आणली आहे."

ती नेसरीची. ती मलाही चौथीपासून ठाऊक. महाराजांनी कडक शब्दांत कान उपटले म्हणून सरनोबत पेटले, आणि समोर शत्रूची अख्खी फौज असताना फक्त सहा स्वार घेऊन तिच्यावर तुटून पडले. सातही जण गेले. बाईंनी पिठीत सात लवंगा मांडल्या. म्हणाल्या, "असा माणूस पुन्हा होणे नाही. आता सांगा, हे सात पुढे गेले. मागे कोण उरलं?"

बाईंनी त्या सातांच्या मागे मूठभर लवंगा ओतल्या.

"अख्खी फौज मागे उरली. तिला हुकूम कोण देणार? सेनापतीला अपमान सोसता आला नाही. मरणं सोपं वाटलं. सेनापती म्हणून तिथे ते चुकले. पुढे दुसऱ्यांनी फौज सावरली म्हणून निभावलं." मग कुंदाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तूही तशीच. शूर. पण तू गेलीस आणि चूल विझली. हल्ला कोणालाही करता येतो गं. माघार शिकावी लागते."

बाईंनी तिला एवढ्या मोठ्या माणसाच्या पंगतीत बसवलं होतं. यापेक्षा मोठा मान त्यांच्याकडे नव्हता. पण कुंदाला एकच शब्द ऐकू आला.

"चुकले?" ती म्हणाली. "बाई, तुम्ही कोणाला चुकले बोलताय?"

"सेनापती म्हणून, कुंदा. माणूस म्हणून नाही."

"आमच्याकडे त्यांच्या नावाने दिवा लावतात. मला शिव्या घाला, चालेल. त्यांना नाय बोलायचं." आणि पिठीवरून हात फिरवून तिने सगळी लढाई पुसली. लवंगा खाली सांडल्या. ती निघून गेली.

मी म्हटलं, "बाई, हे नको होतं." बाई म्हणाल्या, "उद्या येईल. विचार करेल आणि येईल."

कुंदा आली, पण तिच्या आधी मंडळ आलं. सकाळी शटर उघडायला गेले तर समोर दहा-पंधरा माणसं. कुंदाने घरी नवऱ्याला रडत सांगितलं, नवऱ्याने मंडळात सांगितलं, आणि मोबाइलवर फिरता फिरता त्याचं असं झालं होतं, की भाईंदरमध्ये एक बाई पोळीच्या दुकानात बसून सरनोबतांना पळपुटे म्हणते. मंडळाचा अध्यक्ष, ज्याला सगळे दादा म्हणतात, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने मला वाकून नमस्कार केला.

"मावशी, तुमच्याशी आमचं काय नाय. पण बाईंनी चौकात येऊन माफी मागायची. सगळ्यांसमोर, मोबाइलवर. तोवर शटर वर जाणार नाय."

"पळपुटे असं त्या म्हणाल्या नाहीत," मी म्हटलं. "मी तिथे होते."

"चुकले बोलल्या की नाय?"

"म्हणाल्या."

"मग झालं तर." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, हे मी सांगून ठेवते.

कुंदा एका बाजूला उभी होती, पांढरीफटक. "मावशी, मी असं नव्हती सांगितली ओ," एवढंच म्हणत होती. सोसायटीचे सेक्रेटरी मेहताभाई वरून उतरले आणि मला म्हणाले, "मावशी, लफड़ा मत बढ़ाओ, बिल्डिंग का नाम खराब होगा." मी दुसऱ्या मजल्यावर गेले.

बाईंना सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, "बाई, माझ्याकडे आठ घरं आहेत. कारखान्याच्या पोळ्या आज गेल्या नाहीत तर ते काम दुसरीकडे जाईल. तुम्ही माफी मागा." असं म्हणायची मला लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

मला वाटलं, चिडतील. पुस्तक काढतील, वाद घालतील. बाईंनी विचारलं, "चौक कुठला? रिक्षा स्टँडचा?" मग साडी बदलली. कडक इस्त्रीची, एनसीसीच्या कार्यक्रमांना नेसायच्या ती. जिना उतरताना त्यांचा हात कठड्यावर थरथरत होता. मी बघितलं. त्यांनी मी बघितलेलं बघितलं.

चौकात त्यांनी दादाला आधी एक गोष्ट सांगितली, मोबाइल सुरू व्हायच्या आधी. "वर्ग माझा, बोलणं माझं. केंद्रातल्या बायका फक्त ऐकत होत्या. त्यांचं नाव कुठे येणार नाही." दादा म्हणाला, "नाय येणार." मग त्या ताठ उभ्या राहिल्या आणि माफी मागितली.

मला वाटलं होतं, शब्दांत खेळतील. शिकलेली माणसं खेळतात. "कोणाची मनं दुखावली असतील तर" असं काहीतरी म्हणून सुटतील. तसं नाही केलं. दादा म्हणाला, "बोललात ते चूक होतं, असं बोला." बाई म्हणाल्या, "मी बोलले ते चूक होतं." मागून कोणीतरी ओरडलं, "मोठ्याने!" बाई मोठ्याने म्हणाल्या. त्या आवाजाने त्यांनी मैदानावर मुली चालवल्या होत्या. चौकभर ऐकू गेला. एक पोरगा मागे हसला. दादाने त्याला गप्प केलं.

परत येताना त्यांनी एवढंच विचारलं, "शटर वर गेलं?"

"गेलं."

"कारखान्याच्या पोळ्या?"

"जातील."

त्या जिना चढून वर गेल्या. मी तव्यावर गेले. काही वाटलं का, तर नाही. हातात काम होतं.

संध्याकाळी मी कुंदाला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. ती चपला घालायला लागली. हे बाईंना कसं कळलं देव जाणे, गॅलरीतून ऐकलं असेल. खाली आल्या. त्या अख्ख्या दिवसात मी त्यांना पहिल्यांदा रागावलेलं पाहिलं. "तिला काढलंत, तर मी सकाळी चौकात कशाला गेले होते? आठांतली एक कमी झाली की माझी माघार फसली." कुंदा त्यांच्या पाया पडायला वाकली. बाई मागे सरकल्या. म्हणाल्या, "पाया नको पडू. उद्या वेळेवर ये."

वर्ग तिथेच संपला. बाईंनी पुन्हा पिठीला बोट लावलं नाही, आणि आम्ही कोणी म्हटलंही नाही. ती चित्रफीत मात्र फिरत राहिली. त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींचे फोन यायचे. एक फौजेत मोठ्या हुद्द्यावर होती. तिचा फोन आला तेव्हा मी वर त्यांच्याकडे होते. बाईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता, ऐकू कमी यायचं म्हणून. ती म्हणत होती, "बाई, तुम्ही आम्हाला मान ताठ ठेवायला शिकवलंत. आणि तुम्हीच?" बाई म्हणाल्या, "हो." ती पुढे पुष्कळ बोलली. बाई "हो" म्हणत राहिल्या. तिने पुन्हा फोन केला नाही.

मी विचारलं, "तिला तरी सांगायचं होतं. बायकांसाठी केलं म्हणून."

"ती चार जणींना सांगेल. चार जणी चाळीस जणांना. म्हातारी वरवर झुकली, मनातून नाही, हे दादाच्या कानावर जाईल. मग शटर पुन्हा खाली." पुढे म्हणाल्या, "सांगितली तर ती माघार राहत नाही, ताई. नाटक होतं."

"आणि हात का थरथरत होता?"

"भ्याले होते म्हणून. तुम्हाला काय वाटलं?"

आता हे मी लिहिते आहे, कारण राखायला काही उरलेलं नाही. इमारत पाडली. नवीन उभी राहते आहे, तिच्यात पोळीच्या केंद्राला जागा नाही. बायका पांगल्या. कोणाचं शटर खाली यायचं भय नाही. पण बाई गेल्या तेव्हा केंद्र चालू होतं, आणि कारखान्याचं कामही.

त्या झोपेतच गेल्या. भाचा आला, सगळं नीट केलं, सामान नेलं. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. जुन्या विद्यार्थिनी आल्या, त्यांच्या शाळेतल्या एक-दोघी शिक्षिका आल्या. दादाही हार घेऊन आला आणि मागे भिंतीला टेकून उभा राहिला. माझ्या बायका दुसऱ्या रांगेत बसल्या, त्यात कुंदा. फौजेतली ती बाई आली होती. ती चांगलं बोलली. शेवटी म्हणाली, "बाईंनी आयुष्यात एकदाच मान खाली घातली. तेव्हा त्या थकल्या होत्या, एकट्या होत्या. आपण ते विसरून जाऊ या." लोकांनी माना हलवल्या. एकीने डोळे पुसले.

कुंदा उठायला लागली. मी हात धरून तिला खाली बसवलं.

मेहताभाईंनी माझं नाव पुकारलं. "मावशी, दो शब्द." मी पुढे गेले. सगळे माझ्याकडे बघत होते. दादाही बघत होता, आणि फौजेतली बाईही. मला जे ठाऊक होतं ते त्या हॉलमध्ये आमच्या बायकांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ते सांगायला दोन वाक्यं पुरली असती. समोर बाईंचा फोटो होता, तरुणपणीचा, टोपी घातलेला.

मी म्हटलं, "बाई आमच्याकडच्या पोळ्या न्यायच्या. त्यांना पातळ लागायच्या." आणि खाली येऊन बसले.

पुढच्या रांगेतलं कोणीतरी हसलं. म्हातारीला दुसरं काय सुचणार, असं. कुंदा शेजारी हुंदके देत होती. पदर तोंडात कोंबला तरी आवाज येत होता, आणि दादा आमच्याकडे बघायला लागला होता.

"ऊठ," मी तिला म्हटलं. "संध्याकाळची कणीक भिजवायची आहे."

ती उठली. तिच्यामागून बाकीच्याही उठल्या. आम्ही मधल्या वाटेने, दादाच्या समोरून, खाली केंद्रात गेलो.